पायांना पूर्व, पोटाला पश्चिम: आईवडिलांना घेऊन कॅरिबियन क्रूझला जाताना

डॅलसला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा गेल्या आठवड्यात फोन आला. मावशी आणि काका जानेवारीत तिच्याकडे येतायत. काकांची पंचाहत्तरी आहे, आणि त्यानिमित्त तिला दोघांना सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर न्यायचंय. प्रश्न एकच होता: "ताई, ईस्टर्न घेऊ की वेस्टर्न?"

मी दोन्ही केल्यात. २०२३ च्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन फोर्ट लॉडरडेलहून वेस्टर्न केली आणि पुढे एका फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांबरोबर मायामीहून ईस्टर्न. दोन्ही वेळा सोबत सत्तरीपलीकडची माणसं होती, म्हणून माझं मत तरुण जोडप्यांच्या उपयोगाचं नाही कदाचित. पण आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना बेटांच्या फोटोंवरून निवड करू नका, एवढं मला कळकळीनं सांगायचंय. पाणी दोन्हीकडे तितकंच निळं आहे. फरक पडतो तो समुद्र किती हलवतो आणि जहाजातून उतरायचं कसं, यानं.

नकाशा समोर घ्या. ईस्टर्न म्हणजे फ्लोरिडाहून निघून आग्नेयेला जायचं: प्वेर्तो रिकोचं सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टेन आणि परतीच्या वाटेवर बहुतेकदा बहामामधलं क्रूझ कंपनीचं स्वतःचं बेट. वेस्टर्न म्हणजे क्युबाला वळसा घालून खाली उतरायचं: जमैका, ग्रँड केमन, मेक्सिकोचं कोझुमेल, काही जहाजं बेलीझ, होंडुरासचं रोआतान किंवा मेक्सिकोचंच कोस्टा मायाही घेतात. सदर्न म्हणून तिसरा प्रकार आहे, अरुबा, कुरासाव, बार्बाडोस वगैरे. तो बहुधा सान हुआनहून सुटतो किंवा जास्त रात्रींचा असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो सध्या बाजूला ठेवावा.

पोटाचा प्रश्न

कॅरिबियनमध्ये वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. ईस्टर्नचं जहाज जाताना या वाऱ्याच्या तोंडावर चालतं. त्याची वाट हिस्पॅनिओला आणि प्वेर्तो रिको या बेटांच्या उत्तरेकडून जाते, म्हणजे तिथे अटलांटिकच्या लाटांना अडवायला मध्ये काहीच नाही. प्वेर्तो रिकोच्या उत्तरेला समुद्राचा तळ ८ हजार मीटरहून खोल जातो. अटलांटिकमधली सगळ्यात खोल जागा तीच. डिसेंबरच्या मध्यापासून हे वारे आणखी जोर धरतात, तिथले दर्यावर्दी त्यांना ख्रिसमसचे वारे म्हणतात. आणि आपल्याकडचे लोक नेमके त्याच दिवसांत जातात, कारण मुलांना तेव्हाच सुट्टी असते.

वेस्टर्नचा मार्ग क्युबाच्या आडोशाला. तिथेही लाटा असतात, युकातानच्या सामुद्रधुनीत आमचं जहाज रात्रभर झुलत होतं, पण ते पाळण्यासारखं. आईबाबा शांत झोपले.

ईस्टर्नला तसं झालं नाही. मायामीहून सान हुआनपर्यंत जवळजवळ दोन दिवस सलग समुद्र असतो. दुसऱ्या संध्याकाळी सासूबाईंना बोट लागली. जेवणाच्या टेबलावरून त्या उठल्या आणि पुढचे अठरा तास त्यांनी खोलीत काढले. यात चूक माझी होती. खोली स्वस्त मिळाली म्हणून मी दहाव्या मजल्यावरची, पार नाळेकडची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाची घेतली होती. जहाज पुढून वर-खाली होतं तेव्हा ते टोक सर्वांत जास्त उचललं जातं, आणि जितकं उंच तितकी झोलांडी मोठी. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली घेतली असती तर त्यांचे हाल बरेच कमी झाले असते. बाल्कनी नसली तरी चालेल, खिडकी नसली तरी चालेल, पण जागा मधली हवी.

वेटरनं हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं आणून दिली, जहाजांवर हा नेहमीचा उपाय आहे. मी पर्समध्ये आलेपाक आणि आवळासुपारी ठेवली होती. सासूबाईंचं म्हणणं, त्यांना आलेपाकानं तारलं. बोट लागण्यावरच्या गोळ्या मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच न्याव्यात. त्यांनी गुंगी येते, आणि रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या औषधांबरोबर सगळ्याच चालत नाहीत.

पायांचा प्रश्न

इथे मात्र पारडं पूर्वेकडे झुकतं.

सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टेन, तिन्ही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं. उतरलं की समोर टॅक्स्या उभ्या. सेंट थॉमसला मागून उघड्या, बाकं टाकलेल्या ट्रक-टॅक्स्या आहेत, माणशी ठरलेला दर घेऊन त्या अर्ध्या तासाच्या आत मेगन्स बेच्या किनाऱ्यावर सोडतात. सेंट मार्टेनला फिलिप्सबर्गचा समुद्रकिनारा धक्क्यावरून दिसतोच. कंटाळा आला तर दोन तासांत परत जहाजावर, दुपारची झोप आपल्या पलंगावर. सत्तरीच्या माणसांना हे सुख किती मोठं असतं ते त्यांच्याबरोबर फिरल्याशिवाय कळत नाही.

वेस्टर्नला तीन गोष्टी आड येतात. पहिली, ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही. जहाज जॉर्जटाउनसमोर समुद्रात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, अशा बोटीला टेंडर म्हणतात. बेलीझलाही तसंच, तिथे पाणी उथळ असल्यानं जहाज फार लांब थांबतं. जुनी कोकण बोट आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: बहुतेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी, आणि माणसं सामानासकट पडावात उतरायची. आमच्या वेळी लाट फार नव्हती, तरी टेंडर वीतभर वर जायची आणि वीतभर खाली. खलाशी दोन्ही दंड धरून बरोबर क्षणी उतरवत होते. बाबांचा एक गुडघा बदललेला. त्यांनी दारापर्यंत येऊन खाली पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या." दिवसभर ते डेकवर एकटे बसून होते. ज्या एजंटाकडून बुकिंग केलं होतं त्यानं ही गोष्ट आम्हाला एका शब्दानंही सांगितली नव्हती. ठाऊक असतं तर मी केमन नसलेली क्रूझ शोधली असती.

दुसरी गोष्ट, वेस्टर्नची पाहण्यासारखी ठिकाणं बंदरापासून लांब आहेत. कोझुमेलहून तुलुमचे माया अवशेष पाहायचे तर आधी फेरीनं पाऊण तास मुख्य भूमीवर जायचं, मग तासभर बस, मग उन्हात चालणं, आणि हे सगळं पुन्हा उलट. समुद्राच्या कड्यावरचं ते देऊळ सुंदर आहे यात शंका नाही. पण आई परतीच्या फेरीत इतकी थकली होती की तिनं फोटोसुद्धा पाहिले नाहीत. पुन्हा गेले तर कोझुमेल बेटावरच्याच सान हेर्वासिओला जाईन. अवशेष लहान आहेत, पण इश्चेल या माया देवीचं ते ठाणं होतं, आणि टॅक्सीनं जाऊन जेवायला परत येता येतं.

तिसरी गोष्ट हवामानाची. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे झोत मेक्सिकोच्या आखातात उतरतात, त्यांना तिथे नोर्ते म्हणतात. ते आले की कोझुमेलचं बंदर बंद होऊ शकतं आणि केमनच्या टेंडर थांबतात. मग जहाज ते बेट सोडून पुढे जातं. कंपनी बंदराचं शुल्क परत देते, हुकलेला दिवस मिळत नाही. ईस्टर्नला धोक्याचा काळ दुसरा: १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. २०१७ च्या सप्टेंबरात दोन आठवड्यांच्या अंतरानं आलेल्या इर्मा आणि मारिया या वादळांनी सेंट मार्टेन, सेंट थॉमस आणि प्वेर्तो रिको, तिघांनाही मोडून टाकलं होतं. त्या महिन्यांत दर पडलेले दिसतात ते याच कारणानं. भारतातून तिकीट काढून आलेल्या आईवडिलांसाठी तो जुगार मी खेळणार नाही.

सान हुआनचा किल्ला

ईस्टर्नमधला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी सान हुआनचा निवडेन.

जहाज बंदरात शिरतं तेच एल मोर्रोच्या पायथ्याशी घासून गेल्यासारखं. १५३९ मध्ये स्पॅनिशांनी बांधायला घेतलेला हा किल्ला बंदराच्या तोंडावर, खडकातून समुद्रसपाटीपासून वर चढत गेलेला. सासऱ्यांनी उमेदीच्या काळात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा सगळं पायाखाली घातलेलं. आदल्या दिवशी सासूबाईंमुळे चेहरा उतरलेला होता, पण तटबंदी दिसल्यावर ते कठड्याशी उभे राहिले ते जहाज धक्क्याला बांधून होईपर्यंत हलले नाहीत. तोफा कोणत्या कोनात लावल्या असतील, शत्रूचं जहाज वळायला किती जागा, हे ते मला हातानं दाखवत होते. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकला या तोफांनी परतवलं. तीन वर्षांनी इंग्रजांनी जमिनीच्या बाजूनं येऊन किल्ला घेतला, पण हगवणीच्या साथीनं त्यांना तो सोडून जावं लागलं. १६२५ मध्ये डचांनी शहर जाळलं, किल्ला मात्र त्यांच्या हाती लागला नाही.

धक्क्यापासून किल्ल्यापर्यंतची वाट चढाची आहे आणि जुन्या शहरातले निळसर दगडी रस्ते गुळगुळीत झालेत, म्हणून ज्येष्ठांना टॅक्सीनंच वर न्यावं. किल्ल्यासमोर मोठं हिरवं मैदान आहे. समुद्राचा वारा अखंड असल्यामुळे तिथे दिवसभर पतंग उडत असतात. सासूबाई त्या गवतावर बसल्या, दोन दिवसांनी जमीन हलत नव्हती म्हणून त्यांना बरं वाटत होतं, आणि एका लहान मुलानं त्यांच्या हातात आपल्या पतंगाचा दोरा दिला. सासरे आत किल्ल्यात होते, तिकडच्या पहारेकऱ्यांच्या गोल दगडी बुरुज्यांमध्ये जाऊन येत होते. सान क्रिस्तोबाल हा दुसरा किल्लाही त्याच तिकिटात पाहता येतो. आम्हाला वेळ पुरला नाही. बरीच जहाजं सान हुआनला दुपारी पोचतात, तेव्हा बुकिंग करताना पोचण्याची वेळ जरूर पाहा: किल्ला संध्याकाळी लवकर बंद होतो.

जमैकातला माठ

वेस्टर्नच्या बाजूनं बोलायचं तर जमैकाबद्दल बोलायला हवं. ओचो रिओस या तिथल्या बंदरात उतरलं की सगळे डन्स रिव्हर धबधब्याकडे धावतात. सुमारे १८० मीटर लांबीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकांवरून, एकमेकांचे हात धरून, पाण्यातून वर चढायचं. मुलांना स्वर्ग. बाबांसाठी तो प्रश्नच नव्हता, म्हणून मुलं नवऱ्याबरोबर धबधब्यावर गेली आणि आम्ही तिघं एका टॅक्सीवाल्याबरोबर बाजारात आणि तिथून एका छोट्या खाणावळीत.

तिथे ताटात आलेली पालेभाजी आईनं एका घासात ओळखली. "हा माठ आहे गं." जमैकात तिला कॅलालू म्हणतात, आणि ती खरोखरच माठाच्या कुळातली आहे. शेजारी भाजलेले काप होते, तो नीरफणस. ब्रिटिश आरमारातल्या कॅप्टन ब्लायनं १७९३ मध्ये त्याची रोपं प्रशांत महासागरातून इथे आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्त अन्न म्हणून. गोव्यात आणि तळकोकणात आपण त्याचेच काप रवा लावून तळतो. टॅक्सीवाल्यानं सांगितलं की त्याच्या आजीचं आडनाव हिंदुस्थानी होतं. १८४५ च्या मे महिन्यात भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला लागलं, आणि पुढच्या सत्तरेक वर्षांत सुमारे ३६ हजार माणसं आली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली. बकऱ्याची करी आज तिथल्या लग्नांच्या पंगतीत असते. बाबा त्या माणसाशी इतका वेळ बोलत बसले, की केमनला एकट्यानं काढलेल्या दिवसाची भरपाई त्या दुपारनं आधीच करून ठेवली होती असं मला नंतर वाटलं.

ईस्टर्नला आपली माणसं भेटतात ती दुकानांत. सेंट थॉमसच्या मेन स्ट्रीटवर आणि फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांची कितीतरी दुकानं सिंधी कुटुंबांची आहेत. हिंदीत गप्पा होतात, पाणी विचारतात. सोनं मात्र घेऊ नका. ड्यूटी-फ्री म्हणून ते आपल्या सराफापेक्षा स्वस्त पडेल असं मानण्याचं कारण नाही.

जेवण, आणि संकष्टी

याबाबत दोन्ही मार्ग सारखे, कारण जेवण जहाजाचं असतं. मोठ्या कंपन्यांच्या मुख्य भोजनगृहात रोज एक भारतीय शाकाहारी पदार्थ मिळू शकतो. बुकिंग झाल्याबरोबर शाकाहारी किंवा जैन जेवणाची लेखी नोंद करा, आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला भेटून पुन्हा सांगा. हे पुन्हा सांगणंच कामी येतं. जहाजावर गोव्याची आणि कोकणातली मुलं भेटण्याची शक्यता बरीच. आमच्या ईस्टर्नच्या टेबलावर साष्टीचा एक मुलगा होता. गोव्यात दर्यावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात, त्याच्या घरात तो तिसऱ्या पिढीतला तारवटी. सासूबाईंना बरं नव्हतं त्या रात्री त्यानं कुणालाही न विचारता दहीभात कालवून खोलीवर पाठवला. वर जिरं घातलेलं होतं.

वेस्टर्नची शेवटची रात्र ३० डिसेंबरची, त्या दिवशी संकष्टी होती. आईनं दिवसभर फळं, उकडलेले बटाटे आणि दूध यांवर काढलं आणि नऊच्या सुमाराला सगळ्यात वरच्या डेकवर पूर्वेकडे तोंड करून बसली. झाडं नाहीत, इमारती नाहीत, चंद्र थेट पाण्यातून वर आला. इतका लवकर चंद्रोदय दिसलेली संकष्टी आयुष्यात पहिलीच, असं ती म्हणाली.

कागद आणि पैसे

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या आईवडिलांचा अमेरिकन व्हिसा अनेक प्रवेशांचा असायला हवा, कारण जहाज परतल्यावर ते पुन्हा देशात शिरतात. वैध अमेरिकन व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बाकीच्या प्रत्येक बेटासाठी क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. मुलगा किंवा मुलगी एच-१बीवर असेल आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल, तर नुसत्या आय-७९७ या मंजुरीच्या कागदाच्या भरवशावर जमैका किंवा सेंट मार्टेनच्या जहाजावर चढू नका. आईवडिलांची अमेरिकेत राहण्याची सहा महिन्यांची मुदत क्रूझवरून आल्यावर नव्यानं सुरू होईल, असंही धरून चालू नका.

विम्याकडे लोक दुर्लक्ष करतात. भारतातून येताना घेतलेल्या बऱ्याच पॉलिसी जहाजावर किंवा अमेरिकेबाहेर लागू होत नाहीत, आणि जहाजावरचा दवाखाना खासगी रुग्णालयासारखे पैसे घेतो. क्रूझसाठी वेगळा विमा घ्या, त्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते पाहा.

तिकिटाच्या भावावर माणशी रोजचे १६ ते २० डॉलर सेवाशुल्क धरा. किनाऱ्यावरच्या खर्चात ईस्टर्न आम्हाला बरीच स्वस्त पडली, कारण तिथे टॅक्सीवर भागलं आणि वेस्टर्नला सहली विकत घ्याव्या लागल्या. शिवाय प्वेर्तो रिको आणि सेंट थॉमस अमेरिकेच्याच ताब्यातले प्रदेश असल्यानं बहुतेक अमेरिकन फोन तिथे जादा पैशांशिवाय चालतात. सासरे त्या दोन दिवसांत नाशिकच्या सगळ्या नातेवाइकांशी बोलून घेत होते.

तर बहिणीचं काय

तिच्यापुढे आणखी एक मोह आहे. डॅलसहून गॅल्व्हस्टनचं बंदर गाडीनं पाचेक तासांवर. विमान नको, सामानाची काळजी नको. पण गॅल्व्हस्टनहून सात रात्रींची जहाजं जवळजवळ सगळी पश्चिमेलाच जातात: कोझुमेल, कोस्टा माया, रोआतान. त्यातल्या त्यात चांगलं म्हणजे या तिन्ही ठिकाणी धक्के आहेत, टेंडर नाही. मुलं शाळकरी असती तर मी डोळे मिटून हेच घे म्हणाले असते. नोर्तेची भीती मात्र जानेवारीत राहतेच.

काकांचे गुडघे दुखतात, आणि निवृत्तीनंतर त्यांचा सगळा वेळ इतिहासाच्या पुस्तकांत जातो. माझा कौल पूर्वेकडे होता. अडत होतं ते फक्त मावशीपाशी. तिला बोट लागते का, हे बहिणीला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, आधी फोन करून विचार, मग पैसे भर.

काल तिचा निरोप आला. मावशी म्हणाली, लहानपणी दर मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोटीनं जायचो, सगळी पोरं ओकायची आणि मी त्यांची डोकी धरून बसायचे.

मी बहिणीला लगेच कळवलं: ईस्टर्न घे, मायामीहून. खोली खालच्या मजल्यावर, मधोमध. आणि सान हुआनला जहाज किती वाजता लागतं ते बघ.